आठ आणे : लाज, कर्ज आणि हातावरून पुढे गेलेलं ताट

या प्रकरणातली नावं, गाव आणि नोकरीचे तपशील बदलले आहेत. सुधीर आणि एस्तेर यांनी मजकूर वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली आणि मगच होकार दिला. मी समुपदेशक आहे. पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात जुन्या शब्बाथ शाळेची (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची) खोली आहे, तिथे शनिवारी दुपारी बसते. भिंतीवर मुलांनी रंगवलेलं नोहाचं तारू आहे आणि लोक माझ्याकडे कमी, त्या जिराफांकडे जास्त बघत बोलतात. सुधीरही तसाच बोलला.

पार्श्वभूमी

सुधीर 38 वर्षांचा. चिंचवडच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो, राहायला खडकीत. बायको एस्तेर स्टाफ नर्स, मुलगी सहावीत. मूळ गाव नगर जिल्ह्यात. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला काम सुरू केलं, आणि आमच्या मंडळीतली निम्मी घरं आजही दिवाळीची सुट्टी लागली की त्याच बाजूच्या एसटीत बसतात. सुधीरचे वडील प्राथमिक शिक्षक. गावच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) पाळक, म्हणजे धर्मगुरू, महिन्यातून एकदाच यायचे, बाकीचे रविवार हेच उपासना चालवायचे. गावात त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

पुण्यात सुधीर तरुण संघाचा खजिनदार होता. संघाला स्वतःचं बँक खातं नव्हतं, त्यामुळे मे महिन्यातल्या पाचगणीच्या कॅम्पची फी माणशी 1,800 रुपये थेट सुधीरच्या यूपीआयवर यायची. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही, माझ्या भाच्याची फी मीच तशी पाठवली होती.

2022 च्या डिसेंबरात संगमनेरला भाचीचं लग्न होतं. साखरपुड्यात चार लोकांसमोर सुधीर बोलून गेला, ‘मामाकडून एक तोळा.’ तोळा तेव्हा पन्नास हजारांच्या वर आणि याच्याजवळ तीस हजार. एस्तेरला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती की अर्धा तोळा दे. तेच ऐकायचं नव्हतं. त्याने मोबाइलवर कर्ज देणारं एक अॅप उतरवलं. मंजूर 8,000, हातात पडले 5,200, आणि सात दिवसांत फेडायचे पुन्हा 8,000. ते फेडायला दुसरं अॅप, दुसऱ्याचं फेडायला तिसरं. मार्चपर्यंत अकरा झाली. मधल्या काळात कॅम्पचे पैसे तीनदा वापरले: 12,000, मग 15,000, मग 19,500. एकूण 46,500. प्रत्येक वेळी ‘पगार झाला की भरतो’ असं स्वतःला सांगून.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्येच डिजिटल कर्जाचे नियम काढले होते. कर्जाची पूर्ण रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात गेली पाहिजे, आणि अॅपने फोनमधल्या नंबरांच्या यादीला, फोटोंना हात लावायचा नाही. या अकरांपैकी बहुतेकांमागे नोंदणी असलेली वित्तसंस्थाच नव्हती, मग नियम कोण पाळणार.

1 एप्रिल 2023, शनिवारची रात्र. अॅपवाल्यांकडून सुधीरच्या फोनमधल्या शंभरेक लोकांना त्याचा फोटो गेला, वर लाल अक्षरात ‘चोर’. गायकवृंदाच्या प्रमुखांना गेला, मुलीच्या वर्गशिक्षिकेला गेला, नगरच्या चुलत्यांना गेला. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा.

अडचण कुठे होती

लोक तुटून पडले असतील असं वाटेल. झालं उलट. रविवारी उपासना सुटल्यावर माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. ‘अरे, हे अॅपवाले असेच असतात’, ‘माझ्या मेहुण्यालाही असंच फसवलं’, ‘काही लागलं तर सांग.’ एका आजींनी तर पाचशेची नोट खिशात कोंबली. सुधीर नंतर मला म्हणाला, ‘ताई, सगळ्यांनी मला माफ केलं. पण ज्याबद्दल माफ केलं ते मी केलंच नव्हतं, आणि जे केलं होतं ते कोणाला माहीत नव्हतं.’

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. लपून बसलेल्या माणसाला प्रेम पोचत नाही, कारण ते त्याच्या मुखवट्याच्या पत्त्यावर जातं.

पवित्र गुरुवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. भाकरीचं ताट रांगेतून आलं, मग चिमुकल्या पेल्यांचं. सुधीरने दोन्ही वेळा खाली बघत ताट शेजाऱ्याकडे सरकवलं. एस्तेरने ते पाहिलं. नवरा आठवडाभर झोपत नाही हे तिला ठाऊक होतं, पण लहानपणापासून देवळात वाढलेला माणूस ताट तसंच पुढे देतो म्हणजे पोटात काहीतरी आहे, हे तिला तिथे कळलं. बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं अकरावं प्रकरण, ‘अयोग्य प्रकारे’ भाकर खाणाऱ्याबद्दलचं, आमच्याकडे दर महिन्याला वाचलं जातं. सुधीरने ते स्वतःवर निकालासारखं लावून घेतलं होतं. शनिवारी, म्हणजे उत्तम शुक्रवार आणि ईस्टरच्या मधल्या दिवशी, ती त्याला माझ्याकडे घेऊन आली.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अपराधभाव म्हणतो, मी वाईट केलं. लाज म्हणते, मीच वाईट आहे. हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1971 मध्ये हा फरक नीट मांडला आणि तेव्हापासून आमच्या कामात तो रोज लागतो. अपराधभाव माणसाला समोरच्याकडे नेतो: जाऊन सांगावं, भरपाई करावी. लाज त्याला तोंड लपवायला लावते. मराठीत मात्र पंचाईत आहे. आपल्याकडे ‘निर्लज्ज’ ही शिवी आहे आणि ‘जनाची नाही तर मनाची तरी’ हा उपदेश. लाज काढून टाकायची म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही माणसाला कोडगा करतोय. मंडळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी मला हे तोंडावर सांगितलं. ते पुढे येतीलच.

माझी पहिली चूक

पहिल्या भेटीत सुधीर कर्जाबद्दल बोलला, कॅम्पच्या पैशांबद्दल नाही. मी झोप, भूक, प्रार्थना यांची चौकशी केली. जगावंसं वाटतं का, हा प्रश्न विचारला नाही. ओळखीतलं कुटुंब, बरोबर बायको, उद्या ईस्टर. तोंडातून निघालाच नाही. वर निघताना रोमकरांस पत्रातलं वचन दिलं: जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. त्याने मान डोलावली. पुढे कधीतरी म्हणाला, ‘ताई, ते वचन मी स्वतः शब्बाथ शाळेत पोरांकडून पाठ करून घेतो.’

मंगळवारी रात्री साडेअकराला एस्तेरचा फोन आला. सुधीर दुसऱ्या पाळीनंतर घरी न येता नदीवरच्या पुलावर गाडी लावून उभा होता आणि आत्ताच परतला होता. मी फोनवर त्याला सरळ विचारलं, ‘मरायचा विचार येतोय का?’ तो म्हणाला, ‘हो.’ आणि मग पहिल्यांदाच, त्याच फोनवर, 46,500 चा आकडा सांगितला. मला वाटतं, पहिला प्रश्न विचारला गेला म्हणून दुसरं उत्तर बाहेर आलं.

त्या रात्री एस्तेर जागी राहिली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्या फोनमध्ये टाकून घेतला, सकाळी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळवली. नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-9 चाचणीत 27 पैकी 18 गुण आले, म्हणजे नैराश्य तीव्रतेच्या उंबरठ्यावर. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी आधीच बजावलं की फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर त्याला एकटं सोडू नका. सुधीरला गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडल्याची कबुली वाटत होती. त्यावर एस्तेरनेच त्याला गप्प केलं: ‘बीपीची गोळी बाबा घेतात तेव्हा तू त्यांचा विश्वास मोजतोस का?’

समोरचे पर्याय

सुधीरच्या परवानगीने पाळकांना सांगितलं. त्यांनी पंच कमिटीतल्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीतल्या, तिघांना विश्वासात घेतलं. तीन वाटा पुढे आल्या.

पहिली, एस्तेरच्या भावाने पैसे भरायचे आणि विषय मिटवायचा. घरच्यांना हीच हवी होती, आणि खरं तर सर्वांत सोपी हीच होती. दुसरी, पोलिसात तक्रार. ती कोणालाच नको होती. तिसरी, त्या ज्येष्ठ काकांची: सुधीरने रविवारी मंडळीसमोर उभं राहून कबुली द्यावी आणि सहा महिने प्रभुभोजनापासून दूर राहावं. चौथी वाट आम्हाला तेव्हा दिसतच नव्हती.

काकांबद्दल वाचकाने घाईने मत करू नये. ते बँकेतून निवृत्त झालेले, पै-पैचा हिशेब ठेवणारे. त्यांचं म्हणणं असं होतं: ‘अर्पणाच्या थैलीत विधवा बाईही दहा रुपये टाकते. आपण हे झाकलं तर तिला काय सांगणार? आणि ताई, तुम्ही त्याची लाज घालवताय. लाज गेली की उरलं काय?’ यातलं पहिलं वाक्य मला आजही खोडता येत नाही.

तिसऱ्या वाटेचं मी सुधीरला सांगितलं तेव्हा त्याचे हात थरथरायला लागले. मग त्याने आठ आण्यांची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांचा असताना त्याने अर्पणाच्या थैलीतून आठ आणे काढले होते, बोरं घ्यायला. वडिलांना कळलं. पुढच्या रविवारी त्यांनी त्याला पुढे बोलावलं, बाकावर उभं केलं आणि सगळ्यांसमोर बोलायला लावलं, ‘मी देवाचे आठ आणे चोरले.’ वडील त्यानंतर गुडघे टेकून प्रार्थना करून मोकळे झाले. गावातली पोरं दहावीपर्यंत त्याला ‘आठाणे’ म्हणत होती.

समुपदेशकांना अशा बालपणीच्या गोष्टी फार आवडतात, कुलपात किल्ली बसल्यासारखं वाटतं. म्हणून सावधपणे सांगते: सुधीरने पैसे घेतले ते आठ आण्यांमुळे नव्हे. पण ‘एक तोळा’ का बोलून गेला, ‘अर्धाच देतो’ का म्हणू शकला नाही, आणि चूक झाल्यावर कोणाकडेच का गेला नाही, हे मला त्या बाकावर उभ्या पोराकडे बघून समजलं. कबुली म्हणजे काय, हे तो एकदाच शिकला होता आणि चुकीचं शिकला होता.

चारचौघांत नाव घेऊन वठणीवर आणायची रीत काही आमच्या मंडळीची मिरास नाही, पुण्याला ती जुनीच आहे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतलेल्या मंडळींची नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) झालं आणि रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. (आमच्या घरांत नुसतं ‘टिळक’ म्हटलं तर रेव्हरंड नारायण वामन टिळक, म्हणून ‘लोकमान्य’ लिहावं लागतं.) अॅपवाल्यांनी तीच रीत फोनवर आणली, एवढंच.

निर्णय

कोंडी पाळकांनी फोडली. त्यांनी काकांसमोर बायबलमधलं मत्तयाचं अठरावं प्रकरण उघडलं. तिथे क्रम दिला आहे: आधी एकांतात बोल, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. ‘हा तर पहिल्याच पायरीवर ऐकतोय,’ पाळक म्हणाले, ‘आपण तिसरीवर उडी का मारतोय?’ काका गप्प राहिले. पटलं असं नाही म्हणाले.

ठरलं ते असं. ज्यांचे पैसे होते त्यांना, म्हणजे तरुण संघाच्या पाच जणांच्या कमिटीला, सुधीरने स्वतः सांगायचं. पाळक आणि एस्तेर हजर राहतील. भरपाई लेखी ठरेल. पद सोडायचं. प्रभुभोजनाला बंदी नाही. कधी घ्यायचं ते त्याने पाळकांशी बोलून ठरवायचं.

भरपाईवर मजेशीर अडलं. सुधीर म्हणाला, बायबलमधल्या जक्कय जकातदारासारखं चौपट देतो. म्हणजे 1,86,000. अंगावर अॅपची कर्जं असताना! मला त्यात पश्चात्तापापेक्षा लाजच बोलताना ऐकू आली, मोठा आकडा फेकून स्वतःला फटके मारून घेणारी. साखरपुड्यातला ‘एक तोळा’ही याच आवाजात निघाला होता. पाळकांनी बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकातला पाचवा अध्याय काढला: मुद्दल पूर्ण आणि वर पाचवा हिस्सा. 46,500 अधिक 9,300, झाले 55,800. दरमहा 4,650 चे बारा हप्ते. आकडा सरळ भागला गेला तेव्हा सुधीर खोलीत आल्यापासून पहिल्यांदा हसला, शेवटी स्टोअर्सचा माणूस.

बैठक पाळकांच्या अभ्यासिकेत झाली. त्याआधीच्या दोन भेटींत आम्ही योहानाचा एकविसावा अध्याय वाचत होतो. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला तीनदा नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाजवळ शेकताना. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूने पेटवलेला विस्तवही कोळशाचाच. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नव्या करारात या दोनच जागी येतो. तोच वास, तीच धग. पण येशू आधी म्हणतो, ‘या, न्याहारी करा.’ मासे-भाकर खाऊन झाल्यावर प्रश्न. मी एस्तेरला विचारलं, बैठकीला चहाबरोबर काही करशील का? तिने शंकरपाळे आणले.

सुधीरने कागदावर लिहून आणलं होतं, पण वाचलं नाही. आकडे सांगितले, तारखा सांगितल्या, ‘अॅपमुळे’ हा शब्द वापरला नाही. मग शांतता. कमिटीतली सर्वांत धाकटी, बावीसएक वर्षांची, म्हणाली, ‘दादा, मग कॅम्प होणार का?’ तिच्या चेहऱ्यावर दुसरा काही भाव नव्हता, खरंच तेवढंच हवं होतं. एक तरुण मात्र ताडकन उठला: ‘माझ्या आईने धुणीभांडी करून दिले होते ते पैसे.’ आणि निघून गेला. सुधीर त्याच्यामागे जायला उठला, पाळकांनी हाताने थांबवलं. त्या पोराला राग यायचा हक्क होता.

कॅम्प झाला. एस्तेरच्या भावाने मुद्दल तेवढं संघाला उसनं दिलं, हप्ते त्यापोटी वळते करायचे ठरले. अॅपवाल्यांविरुद्ध 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली, स्क्रीनशॉट जोडले. धमक्यांचे मेसेज जूनपर्यंत येत राहिले, मग विरळ झाले.

परिणाम

ऑगस्टमध्ये पीएचक्यू-9 चे गुण 7 वर आले. गोळ्या पुढच्या वर्षी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून थांबवल्या. दोन हप्ते चुकले, त्यामुळे बारा महिन्यांचे चौदा झाले. पहिल्या हप्त्याच्या पावतीवर त्याने नाव लिहू दिलं नव्हतं, ‘एक सदस्य’ लिहायला लावलं. सहाव्या की सातव्या पावतीपासून पूर्ण नाव आहे. कोणी सुचवलं नाही.

प्रभुभोजन त्याने ऑगस्टमधल्या एका साध्या रविवारी घेतलं. बाहेर पाऊस, देवळात छत्र्यांचं पाणी, माणसं कमी. एस्तेर सांगते, ताट आलं तेव्हा तो एवढा वेळ धरून बसला की मागच्या बाकावरचे खोकायला लागले.

नाताळला गावी गेला असताना त्याने वडिलांसमोर आठ आण्यांचा विषय काढला. वडील आता 78 वर्षांचे. मी त्याला याची तयारी करून दिली होती: ते चिडतील, नाकारतील, कदाचित रडतील. वडिलांना ते आठवतच नव्हतं. ‘कुठले आठ आणे?’ म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. परत आल्यावर सुधीर दोन भेटी फक्त यावरच बोलला, कधी हसत, कधी भयंकर चिडून.

तो उठून गेलेला तरुण आता दुसऱ्या मंडळीत जातो. सुधीरने त्याला पत्र लिहिलं, उत्तर आलेलं नाही.

पुन्हा वेळ आली तर

मरणाच्या विचारांबद्दल मी पहिल्या भेटीतच विचारीन. ओळखीच्या घरात तर आधी विचारीन, कारण तिथेच जीभ अडखळते. बायबलचं वचनही इतक्या लवकर हातावर ठेवणार नाही. ज्याला ते पाठ आहे त्याला ते ऐकून आणखी एकटं वाटतं.

दुसरं, संघाचा पैसा एका माणसाच्या यूपीआयवर येऊ देणं ही सुधीरची नव्हे, आमची चूक होती. आता दोन सह्यांचं खातं आहे आणि तीन महिन्यांनी हिशेब फळ्यावर लागतो. हे आधी असतं तर या प्रकरणाचा निम्मा भाग घडलाच नसता.

तिसऱ्या गोष्टीबद्दल माझं मन अजून पक्कं झालेलं नाही. वार्षिक सभेच्या हिशेबात ‘सदस्याकडून येणे’ अशी ओळ टाकावी लागली, तपासनिसांनी सोडलं नाही. त्या ओळीवरून महिनाभर कुजबुज चालली आणि तीन निरपराध माणसांवर संशय गेला. तेव्हा पाळकांनी सुधीरच्या संमतीने दोन वाक्यांत खुलासा करायला हवा होता, असं मला आता वाटतं. सुधीरला तेव्हा विचारलं नाही, कारण आम्हालाच त्याची भीती वाटत होती. परवा विचारलं तर म्हणाला, ‘तेव्हा मी हो म्हटलं असतं.’

हे ऐकल्यापासून काका दर रविवारी उपासनेनंतर मला पायरीवर गाठतात आणि म्हणतात, ‘बघा, मी काय सांगत होतो?’

‘तुम्ही बाकावर उभं करायला सांगत होता, काका,’ मी म्हणते. मग आम्ही दोघं चहाच्या टेबलापर्यंत वाद घालत जातो.